विद्यार्थी परिषदेत इस्रायलवरच्या बहिष्काराचा ठराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांबद्दल लिहिलं आहे. कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडची गाडी वेगळ्या रुळांवर चालते, म्हणून ती जिथे लागतात तिथेच आली आहेत. इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नाची बरोबर-चूक ठरवणं हा इथला विषय नाही. ठराव येतो कसा, मंजूर कसा होतो, पडतो कुठे आणि त्यानंतर पैशाचं काय होतं, एवढंच पाहायचं आहे.

‘स्टुडंट गव्हर्नमेंट’ म्हणजे आपल्याकडची विद्यार्थी परिषदच ना?

नाव तेच, पण ऐवज वेगळा. महाराष्ट्रात १९९०च्या दशकात महाविद्यालयातल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर नेमलेली परिषद आली. त्यामुळे आपल्या दोन पिढ्यांसाठी ‘जीएस’ म्हणजे गॅदरिंगचं सामान गोळा करणारा. अमेरिकेत परिषदेला घटना असते, सेनेट असतं, अध्यक्ष असतो, बहुतेक ठिकाणी स्वतःचं न्यायमंडळही असतं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमधून सक्तीने कापलेला निधी तिच्या हातात असतो. मोठ्या विद्यापीठात ही रक्कम लाखो डॉलरची असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवरच्या परिषदेचं अंदाजपत्रक तर सुमारे २ कोटी डॉलरचं आहे, कारण ती कॅम्पसवरचं उपाहारगृह आणि बससेवाही सांभाळते.

पण विद्यापीठाचा कायम निधी, म्हणजे एंडोमेंट, या परिषदेच्या ताब्यात नसतो. तो विश्वस्त मंडळाकडे असतो. पुढच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर या एका वाक्यात आहे.

बहिष्कार, निर्गुंतवणूक, निर्बंध: सगळं एकच का?

नाही. २००५च्या जुलैमध्ये १७०हून अधिक पॅलेस्टिनी संघटनांनी जे आवाहन केलं त्यात हे तिन्ही शब्द होते आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून चळवळीला ‘बीडीएस’ नाव पडलं. बहिष्कार म्हणजे माल घ्यायचा नाही, संस्थांशी व्यवहार करायचा नाही. निर्बंध सरकारं लादतात, विद्यार्थी परिषदेचा त्यात काही हात नसतो. निर्गुंतवणूक म्हटलं की आपल्याला एअर इंडिया आठवते, पण इथे अर्थ निराळा आहे: विद्यापीठाच्या निधीने अमुक कंपन्यांचे शेअर किंवा रोखे घेतले असतील तर ते विकून टाकावेत.

परिषदांसमोर येणारे बहुतेक ठराव निर्गुंतवणुकीचे असतात, त्यातही ठरावीक कंपन्यांपुरते. चळवळीच्या तीन मागण्या आहेत: अरब भूभागावरचा इस्रायलचा १९६७पासूनचा ताबा संपवणं, इस्रायलमधल्या अरब नागरिकांना पूर्ण समानता आणि निर्वासितांचा परत येण्याचा हक्क. तिसरी मागणी मान्य म्हणजे ज्यू राष्ट्र म्हणून इस्रायल संपवणं, असं विरोधकांचं म्हणणं असतं. म्हणून मतांचं गणित जुळवणारे लोक ठरावात ‘बीडीएस’ हा शब्दच येऊ देत नाहीत. फक्त कंपन्यांची यादी ठेवतात. विरोधक अर्थातच सभेत उठून विचारतात, की हा तोच ठराव वेगळ्या कपड्यांत आणला आहे का. पहिला तासभर बहुधा इथेच जातो.

सुरुवात कुठून झाली?

नमुना दक्षिण आफ्रिकेचा. १९७७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजने वर्णद्वेषी राजवटीशी संबंधित गुंतवणूक काढली, १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने. आजचे ठराव या दोन तारखांचा आधार घेतातच. २००९ साली त्याच हॅम्पशायरने सुमारे २०० कंपन्यांचा एक फंड सोडला. विद्यार्थ्यांनी तो इस्रायलविरुद्धचा विजय म्हणून जाहीर केला आणि कॉलेजने लगेच खुलासा केला, की निर्णयाचा इस्रायलशी संबंध नाही. एकाच विक्रीच्या दोन कहाण्या तेव्हापासून सुरू झाल्या, त्या अजून संपलेल्या नाहीत.

गाजलेला पहिला सामना मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचा, २०१०चा. त्याबद्दल खाली.

ठरावाचा मसुदा कसा असतो?

सरकारी अधिसूचना वाचणाऱ्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. आधी ‘ज्याअर्थी’, मग ‘त्याअर्थी’. ज्याअर्थीच्या भागात पार्श्वभूमी: कुठली कंपनी, ती काय पुरवते, परिषदेने याआधी कोणते ठराव केले, विद्यापीठाचं गुंतवणूक-धोरण काय म्हणतं. त्याअर्थीच्या भागात आदेश किंवा विनंती. बंधन फक्त त्याअर्थीच्या भागाचं, पण भांडण नव्वद टक्के ज्याअर्थीच्या भागावर होतं. हे गमतीचं आहे खरं, पण त्यामागे कारण आहे. आदेशाने पैसा हलणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, मग उरतं ते नोंदवहीत कोणता इतिहास लिहिला जातो ते.

कंपन्या नेहमीच्या असतात: कॅटरपिलर (घरं पाडायला वापरलेले बुलडोझर), ह्यूलेट-पॅकार्ड (तपासणी नाक्यांवरची ओळख-यंत्रणा), बोइंग, युनायटेड टेक्नॉलॉजीज (आता आरटीएक्स), पूर्वी सिमेंटवाली सीआरएचही. चांगल्या मसुद्यात प्रत्येक नावापुढे कारण असतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निकष असतो. ‘इस्रायलला मदत करणाऱ्या सर्व कंपन्या’ असं लिहिलं की विरोधी सदस्य हातातला फोन वर धरून विचारणार, की याच्या आतली चिप कुठे घडवली? ‘ताब्यातल्या प्रदेशातल्या वसाहतींच्या बांधकामासाठी यंत्रं किंवा सेवा पुरवणाऱ्या पुढील तीन कंपन्या’ असं लिहिलं तर तो प्रश्न उरत नाही.

क्रियापदही तोलून घ्यावं लागतं. ‘काढून घ्यावी’ आणि ‘तपासणीसाठी समिती नेमावी’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिशिगनच्या परिषदेत असे ठराव वर्षानुवर्षं पडत होते. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये जो मंजूर झाला, त्यात बोइंग, ह्यूलेट-पॅकार्ड आणि युनायटेड टेक्नॉलॉजीजची चौकशी करायला विश्वस्तांनी समिती नेमावी एवढंच मागितलं होतं. मतं २३ विरुद्ध १७, तटस्थ ५. कुंपणावर बसलेल्या सदस्याला ‘मी फक्त चौकशीला हो म्हटलं’ असं सांगायची सोय लागते, ती त्या मसुद्याने दिली.

सभेच्या रात्री नेमकं काय घडतं?

रात्रच होते, हे खरं. क्रम साधारण असा: गणपूर्ती, कार्यसूची मंजूर, मग खुलं निवेदन. त्यात कोणीही विद्यार्थी उठून बोलू शकतो, माणशी दोन मिनिटं. शंभर जणांनी नाव नोंदवलं तर २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, तीही मधल्या टाळ्या आणि माइकची खरखर धरली नाही तर. सदस्य बोलायला लागतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. बर्कलीला २०१३ साली चर्चा सुमारे दहा तास चालली आणि पहाटे मतदान झालं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४च्या फेब्रुवारीतली सभाही अशीच रात्रभर चालली आणि ठराव ५ विरुद्ध ७ने पडला.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाल्यावर जे होतं, तेच इथेही होतं: हरकतीचे मुद्दे, ‘चर्चा थांबवून मतदान घ्या’, ‘विषय तहकूब करा’. बेमुदत तहकुबी हे विरोधकांचं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे, कारण त्याला साधं बहुमत पुरतं आणि कोणालाच ठरावाविरुद्ध मत दिल्याचा डाग लागत नाही. मिशिगनला २०१४ साली आधी तहकुबीच केली होती. प्रेक्षागृह चिडलं, सभागृहातच बैठा सत्याग्रह झाला, विषय आठवड्याने परत घ्यावा लागला आणि मग तो रीतसर पडला.

मंजुरीला किती मतं लागतात?

हे परिषदेच्या उपविधींवर आहे, आणि ते आधी वाचणारे फार थोडे. स्टॅनफर्डचं उदाहरण पाहा. २०१५च्या फेब्रुवारीत पदवी-सेनेटमध्ये ठरावाला ९ मतं बाजूने, ५ विरुद्ध, १ तटस्थ. साधं बहुमत असतं तर काम झालं होतं, पण तिथे दोन तृतीयांशांची अट होती. तटस्थ माणूस धरला तर ९ भागिले १५ म्हणजे ६० टक्के. वगळला तर ९ भागिले १४, म्हणजे ६४.३. दोन्ही हिशेबांनी ठराव पडला. आठवड्याने फेरविचाराचा प्रस्ताव आला, एक मत इकडचं तिकडे झालं: १०-४-१. आता १५ धरा की १४, अट पुरी.

सगळ्या कॅम्पसला हादरवणारा निकाल एका माणसाने फिरवला. म्हणून फेरविचार कोण मागू शकतो हा नियम आधी तपासावा. रूढ सभाशास्त्राप्रमाणे जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच तो अधिकार असतो, पण पुष्कळ परिषदांचे उपविधी याहून वेगळे असतात.

अध्यक्ष ठराव अडवू शकतो का?

नकाराधिकार असेल तर हो. बर्कलीला २०१०च्या मार्चमध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि युनायटेड टेक्नॉलॉजीजविरुद्धचा ठराव १६ विरुद्ध ४ने मंजूर झाला. एवढं मोठं मताधिक्य पाहून सगळे निजले. आठवड्याभरात परिषदेच्या अध्यक्षाने नकाराधिकार वापरला. तो उलथवायला २० पैकी १४ मतं हवी होती. १६ हातात असताना १४ मिळवायला काय, असं वाटेल. पण मधल्या काळात बाहेरून पत्रं आली, फोन आले, पाठिंब्याला दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटूंचं पत्र आलं, विरोधात ज्यू संघटनांची संयुक्त पत्रं आली आणि मतं गळली. एप्रिलभर सभा चालल्या, १४चा आकडा गाठला गेला नाही.

२०१३ साली तिथेच दुसरा ठराव ११ विरुद्ध ९ने, म्हणजे काठावर पास झाला. त्या वर्षीच्या अध्यक्षाने नकाराधिकार वापरला नाही आणि तो टिकला. सोळा मतांचा पडला, अकरा मतांचा तरला.

न्यायमंडळात आव्हान देता येतं का?

येतं, आणि ते यशस्वीही होतं. डेव्हिसला २०१५च्या जानेवारीत ८-२-२ने मंजूर झालेला ठराव परिषदेच्याच न्यायमंडळाने काही आठवड्यांत रद्द केला. मुद्दा असा, की विषय विद्यार्थ्यांच्या हिताचा नसून मुळात राजकीय आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिलमध्ये २०१६ साली न्यायमंडळाने तर असा ठरावच संघटनेच्या घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. म्हणून अनुभवी सूचक ठरावात एक वाक्य घालतातच: हा पैसा आमच्या फीमधून आणि आमच्या नावाने गुंतवला जातो, सबब हा आमचा विषय आहे.

ठराव मंजूर झाला. मग विद्यापीठ शेअर विकतं का?

अमेरिकेत, केवळ परिषदेच्या ठरावामुळे, नाही. विश्वस्त मंडळं ठराव ‘पोचला’ म्हणतात आणि बहुधा दोन दिवसांत नकाराचं पत्रक येतं. मिशिगनच्या २०१७च्या ठरावानंतर आठपैकी सहा विश्वस्तांनी लेखी कळवलं, की समिती नेमणार नाही. गुंतवणूक आर्थिक निकषांवरच होईल हे त्यांचं जुनं धोरण आहे. तोवर त्याला अपवाद झाले होते ते वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि तंबाखू. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१०मध्ये सांगितलं, की एखादी राजवट वंशसंहार करते आहे असं अमेरिकी सरकारने जाहीर केलं तरच आम्ही असं पाऊल उचलतो. सुदानच्या वेळी तसं केलं होतं.

दुसरी अडचण तांत्रिक आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. विद्यापीठ स्वतः बसून कॅटरपिलरचे शेअर घेत नाही. पैसा बाहेरच्या व्यवस्थापकांकडे, निर्देशांक-फंडांत आणि खासगी भागीदारी-फंडांत असतो, तिथे शेकडो गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र असतो. आपल्या म्युच्युअल फंडाच्या युनिटमधून एखादा शेअर तेवढा काढून द्या म्हटलं तर फंडवाला काय म्हणेल? तसंच. पर्याय दोन: पूर्ण फंडच सोडायचा, किंवा स्वतःसाठी वेगळं खातं उघडायला लावायचं, आणि त्याची फी वाढते.

आकडे किती छोटे किंवा मोठे दिसतात हे व्याख्येवर ठरतं. मिशिगनने २०२४मध्ये सांगितलं, की इस्रायली कंपन्यांत थेट गुंतवणूक नाही आणि फंडांतून अप्रत्यक्ष आहे ती १८ अब्ज डॉलरपैकी दीड कोटीहून कमी, म्हणजे ०.१ टक्क्याच्याही आत. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मुख्य गुंतवणूक अधिकारी जगदीप सिंग बच्चर यांनी आंदोलकांच्या यादीनुसार हिशेब मांडला, तर १७५ अब्जांपैकी ३२ अब्ज डॉलर निघाले. एवढे कसे? त्यात १२ अब्ज अमेरिकी सरकारचे रोखे होते (अमेरिका इस्रायलला मदत देते म्हणून), ३.३ अब्ज शस्त्र-कंपन्यांत आणि ८.६ अब्ज ब्लॅकस्टोन या गुंतवणूक-कंपनीकडे. यादी जितकी लांब, तितका आकडा भयंकर आणि मागणी तितकी अशक्य. सूचकांनी हा धडा घ्यावा.

ब्राउन विद्यापीठ सगळ्यात पुढपर्यंत गेलं. २०१९मध्ये सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ६९ टक्के बाजूने होते, पण विद्यापीठाच्या अध्यक्षांनी मान्य केलं नाही. २०२४च्या एप्रिलअखेर, आंदोलकांनी कॅम्पसवर ठोकलेले तंबू उठवण्याच्या बदल्यात, विश्वस्तांपुढे मतदान घेण्याचं वचन मिळालं. ऑक्टोबरमध्ये सल्लागार समितीने ८ विरुद्ध २, एक तटस्थ, असा प्रतिकूल सल्ला दिला आणि विश्वस्तांनी दहा कंपन्यांबद्दलची मागणी फेटाळली. तरीही विश्वस्तांच्या टेबलापर्यंत विषय रीतसर पोचणं हेच अमेरिकेत दुर्मीळ आहे.

परिषद स्वतःचा निधी तरी हवा तसा वापरू शकते ना?

इथे परिषदेच्या हाती खरोखर काहीतरी असतं, आणि म्हणूनच इथे प्रशासन जागं होतं. डेव्हिसच्या परिषदेने २०२४च्या फेब्रुवारीत ठरवलं, की आपल्या २ कोटींच्या अंदाजपत्रकातून बहिष्कार-यादीतल्या कंपन्यांवर खर्च करायचा नाही. विश्वस्तांना विनंती नाही, थेट स्वतःच्या खरेदीवर बंदी. पुढच्या वर्षी तिथल्याच विधी विद्यार्थ्यांच्या संघटनेने आपल्या निधीला बहिष्काराचे नियम लावले, तर प्रशासनाने संघटना निलंबित केली आणि तिचा सुमारे ४०,००० डॉलरचा निधी आपल्याकडे घेतला. २०२५च्या जुलैत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्षांनी दहाही कॅम्पसना लेखी कळवलं, की एखाद्या देशाशी संबंध आहे म्हणून कंपन्यांवर आर्थिक बहिष्कार टाकता येणार नाही, आणि हे विद्यार्थी परिषदांनाही लागू आहे.

कायद्याचा पाया २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या साउथवर्थ निकालात आहे. सरकारी विद्यापीठ सक्तीची विद्यार्थी-फी घेऊ शकतं, पण ती वाटताना कोणाचं मत काय हे पाहता येणार नाही. म्हणून ‘इस्रायली वक्ता असलेल्या कार्यक्रमाला निधी नाही’ असा नियम सरकारी विद्यापीठात टिकणं अवघड. ‘आमच्या उपाहारगृहात अमुक ब्रँडचं हमस (काबुली चण्याची चटणी) ठेवणार नाही’ हा खरेदीचा निर्णय वेगळा, पण जुलै २०२५नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठात तोही अडणार.

तीसहून अधिक राज्यांत बहिष्कारविरोधी कायदे आहेत. मग ठराव बेकायदेशीर नाही का?

नाही. ते कायदे मुख्यतः राज्य सरकारचं कंत्राट घेणाऱ्यांना आणि राज्याच्या पेन्शन-निधीला लागू होतात. विद्यार्थ्यांच्या मतदर्शक ठरावाला ते लागत नाहीत. धाक दाखवायला मात्र सभेत त्यांचा उल्लेख हमखास होतो.

दोन्ही बाजू नेमकं काय म्हणतात?

समर्थक म्हणतात: आमची फी आणि आमच्या विद्यापीठाचं नाव ज्या कंपन्यांत गुंतलंय, त्या घरं पाडण्यात किंवा युद्धात नफा कमावतात. गुंतवणूक करणं हीच भूमिका घेणं आहे, तटस्थता आधीच मोडलेली आहे. पॅलेस्टिनी विद्यार्थी सभेत नातेवाइकांची नावं वाचून दाखवतात आणि त्यापुढे कोणतंही कलम थिटं पडतं.

विरोधक म्हणतात: जगातल्या एवढ्या राजवटींपैकी एकाच देशावर बोट का? ठरावानंतर ज्यू विद्यार्थ्यांना कॅम्पसवर परकं वाटतं, आणि परिषदेचं काम सगळ्यांचं प्रतिनिधित्व आहे. शिवाय परिणाम शून्य, फूट मात्र कायमची. यावर समर्थकांचं उत्तर, की दक्षिण आफ्रिकेच्या वेळीही ‘फूट पडेल’ हेच ऐकवलं जायचं.

ज्यू विद्यार्थी एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या, असं समजणं चूक. ‘ज्युइश व्हॉइस फॉर पीस’ ही ज्यू संघटना बहिष्काराच्या बाजूने बोलते. ‘जे स्ट्रीट यू’ ताब्याला विरोध करते आणि बहिष्कारालाही. कॅम्पसवरची ज्यू विद्यार्थ्यांची मोठी संस्था हिलेल बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्यांना व्यासपीठ देत नाही. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली शेजाऱ्यांना ओळखणाऱ्या मराठी माणसाला ज्यू, इस्रायली आणि इस्रायल सरकार हे तीन वेगळे शब्द आहेत हे सांगावं लागू नये. रात्री दोन वाजता माइकवर मात्र ते सर्रास एकमेकांत मिसळतात, आणि दोन्ही बाजूंकडून.

ज्यू सदस्याने किंवा इस्रायलची सहल केलेल्याने मतदानातून बाजूला व्हावं का?

धर्मावरून असा प्रश्न विचारणं ही सरळ चूक आहे, आणि ती घडलेली आहे. लॉस एंजेलिसला २०१५च्या फेब्रुवारीत न्यायमंडळावर नेमणुकीसाठी आलेल्या एका विद्यार्थिनीला परिषदेत विचारलं गेलं, की तू ज्यू आहेस, ज्यू संघटनेत सक्रिय आहेस, तर निःपक्षपाती कशी राहशील? तिला बाहेर बसवून चर्चा झाली, मत पडलं ४-४-१, नेमणूक अडली. सल्लागार प्राध्यापकाने हे हितसंबंधांत बसत नाही असं सांगितल्यावर त्याच बैठकीत पुन्हा मतदान झालं आणि सर्वानुमते ती नेमली गेली. नंतर संबंधितांनी माफी मागितली, पण बातमी देशभर गेली होती. तीन महिन्यांआधी तिथेच ८-२-२ने मंजूर झालेला निर्गुंतवणुकीचा ठराव या एका प्रश्नाखाली झाकला गेला.

बाहेरच्या संस्थेच्या खर्चाने केलेल्या सहलीचा मुद्दा वेगळा. त्यावर तिथल्याच न्यायमंडळाने २०१४मध्ये निर्णय दिला: दोन सदस्यांनी इस्रायलची सहल केली म्हणून त्यांचं मत हितसंबंधी ठरत नाही.

मतदान गुप्त की नावानिशी?

तत्त्व म्हणून नावानिशी बरं: प्रतिनिधीने काय केलं ते मतदाराला कळायला हवं. व्यवहारात गुप्त मतदान वाढलंय, कारण नावं जाहीर होतात ती कॅम्पसपुरती राहत नाहीत. ‘कॅनरी मिशन’ हे संकेतस्थळ बहिष्काराच्या कार्यकर्त्यांची छायाचित्रांसह पानं तयार करतं आणि नोकरीच्या वेळी नाव शोधलं की ते पान वर येतं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात २०१८च्या मतदानाच्या वेळी पिवळ्या कॅनरी पक्ष्याचा पोशाख घातलेली माणसं इमारतीत उभी होती. हसू येतं, पण ज्याचं मत मोजलं जाणार होतं त्याला आलं नसेल. उलट बाजूला, विरोधात मत दिलेल्या सदस्यांना वर्णद्वेषी ठरवून समाजमाध्यमांवर झोडपलं जातं.

परिषदेत न्यावा की सार्वमत घ्यावं?

सार्वमताला वजन जास्त, कारण वीस जणांनी ठरवलं असं म्हणता येत नाही. कोलंबिया कॉलेजमध्ये २०२०च्या सार्वमतात ६१ टक्के बाजूने, २७ टक्के विरुद्ध, बाकी तटस्थ. मतदान ३९ टक्के. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी त्याच दिवशी नकार कळवला.

पण खोली बदलली की निकाल बदलतो, हे मॅकगिलने दाखवलं. २०१६च्या फेब्रुवारीत सर्वसाधारण सभेत ५१२ विरुद्ध ३५७ने ठराव मंजूर. नियमानुसार तो ऑनलाइन मतदानाने पक्का करायचा होता, तिथे हजारोंनी मत दिलं आणि ५७ टक्के विरुद्ध गेले. सभेला यायला तळमळ लागते, फोनवर बोट दाबायला लागत नाही. २०२३च्या नोव्हेंबरात तिथेच दुसऱ्या धोरणाला ७८.७ टक्के मिळाले, तर एका विद्यार्थ्याच्या अर्जावर क्वेबेकच्या न्यायालयाने अंमलबजावणी रोखली.

ब्रिटन-आयर्लंडमध्ये वेगळं काय?

ब्रिटनमध्ये विद्यार्थी संघ कायद्याने धर्मादाय संस्था आहेत. १९७२च्या एका खटल्यापासून (ससेक्सच्या संघाने बाहेरच्या मोहिमांना पैसे दिले होते) नियम असा, की निधी विद्यार्थी म्हणून असलेल्या हितासाठीच खर्चावा. त्यामुळे ठराव करता येतो, त्यावर पैसा उधळता येत नाही. २०१५मध्ये राष्ट्रीय विद्यार्थी संघाच्या कार्यकारिणीने १९ विरुद्ध १४ने बहिष्काराला पाठिंबा दिला होता.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये गोष्ट तडीला गेली. २०१८च्या सार्वमतात ६४.५ टक्के बाजूने. सहा वर्षांनी विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले आणि ‘बुक ऑफ केल्स’ हे प्राचीन हस्तलिखित पाहायला येणाऱ्या पर्यटकांची वाट अडवली. कॉलेजने आधीच्या निदर्शनांबद्दल विद्यार्थी संघाला २,१४,००० युरोंचं बिल पाठवलं होतं. पाच दिवसांत समझोता झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या इस्रायली कंपन्यांतून गुंतवणूक काढायचं ठरलं. तिथे यादी विद्यार्थ्यांनी बनवलेली नव्हती, संयुक्त राष्ट्रांची होती. मंडळाला होकार द्यायला ती आयती मिळाली.

ठराव सर्वसाधारणपणे कुठे फसतात?

तारखेवर. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात २०१७चा ठराव १७-६-८ने मंजूर झाला, पण मतदान ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाच्या आदल्या दिवशी. पुष्कळ विद्यार्थी घरी गेले होते आणि ठरावाची बातमी तारखेची बातमी झाली. परीक्षा, शुक्रवारची संध्याकाळ, ईद, पासओव्हर हे आधी दिनदर्शिकेत खुणावून ठेवावेत.

आकड्यांवर. एंडोमेंटचा कंपनीनिहाय तपशील नसताना ‘आपले इतके कोटी गुंतलेत’ असं लिहिलं की वित्त विभागाचं एक पत्र सगळा ठराव झोपवतं. सरकारी विद्यापीठात माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करता येतो, खासगीत नाही. दोन-तीन महिने हाताशी ठेवावे लागतात.

मुदतीवर. मे महिन्यात मंजूर झालेला ठराव नव्या परिषदेला वारशात मिळतो आणि ती तो फिरवू शकते. काही ठिकाणी पूर्वसूचनेचे दिवस कमी पडले एवढ्यावरच तांत्रिक आव्हान उभं राहतं.

विरोधकही फसतात. केवळ ‘हे वादग्रस्त आहे, विषयच नको’ एवढंच म्हणत राहिल्यास पुढच्या निवडणुकीत समोरची बाजू पूर्ण पॅनेल उभं करते. मिशिगनला २०२४मध्ये तसंच झालं: परिषदेचा खर्चच रोखायचा, या घोषणेवर एक पॅनेल निवडून आलं, अध्यक्षपद मिळालं आणि क्लबांचा निधी अडला. वर्षअखेर महाभियोगाने अध्यक्षाला जावं लागलं.

मी एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आहे. बोलावं की नाही?

आधी हे माहीत असू द्या. टफ्ट्सच्या सेनेटने २०२४च्या मार्चमध्ये चारपैकी तीन ठराव मंजूर केले. विद्यापीठाने ते धुडकावले म्हणून चौघांनी विद्यार्थी-दैनिकात लेख लिहिला. वर्षभराने, २५ मार्च २०२५ला, त्या चौघांतल्या एका तुर्की संशोधक विद्यार्थिनीला रस्त्यात पकडून लुइझियानाच्या स्थानबद्धता केंद्रात नेलं, व्हिसा आधीच रद्द केला होता. सहा आठवड्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ती सुटली. तिने ना तंबू ठोकला होता ना दार अडवलं होतं.

अमेरिकेच्या भूमीवर परदेशी विद्यार्थ्यालाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे, पण ते न्यायालयात सिद्ध होईपर्यंतचा काळ तुमच्या अंगावर जातो. म्हणून ठरावाखाली सूचक म्हणून नाव देण्याआधी, किंवा माइकवर जाण्याआधी, सभा थेट प्रक्षेपित होते का आणि इतिवृत्तात वक्त्यांची नावं येतात का हे सचिवाला विचारा. काही परिषदा नावाऐवजी फक्त ‘विद्यार्थी’ लिहितात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला घ्या, पण ते विद्यापीठाचं कार्यालय आहे, तुमचा वकील नाही. विद्यार्थ्यांसाठीची मोफत कायदा-सेवा बहुतेक कॅम्पसवर असते, व्हिसाच्या प्रश्नावर तिथून इमिग्रेशन वकिलाकडे पाठवायला सांगा. सुट्टीत गावी येणार असाल तर हे प्रस्थानाआधी करा, परतीच्या विमानतळावर नाही.

एखाद्या विद्यापीठात नक्की काय झालं ते कसं पाहायचं?

‘अमुक विद्यापीठाने इस्रायलवर बहिष्कार टाकला’ असा मथळा दिसला की चार गोष्टी शोधा. मत विद्यार्थी परिषदेचं की विश्वस्तांचं. त्याअर्थीच्या भागातलं क्रियापद काय: विनंती, चौकशी, की बंदी. मतदानानंतरच्या पंधरा दिवसांत नकाराधिकार, फेरविचार किंवा न्यायमंडळ आलं का. आणि पुढच्या वर्षीच्या परिषदेने तोच ठराव कायम ठेवला का. पहिल्या तीन परिषदेच्या इतिवृत्तात सापडतात, आणि ती बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर असतात. चौथीसाठी पुढच्या वर्षीचं इतिवृत्तही उघडावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसवर २०१३च्या मार्चमध्ये मंजूर झालेला ठराव एप्रिलमध्ये त्याच परिषदेने मागे घेतला होता.